सॅन फ्रान्सिस्को परिसरात घर घेताना डोंगर कुठे आहेत ते पाहा

येत्या जुलैत पुण्याहून नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्कोला येताना घर शहरातच घ्यावे की डोंगरापलीकडे वॉलनट क्रीकला, आणि गारठा न सोसणाऱ्या सासूबाईंना कोणती जागा मानवेल, असे आपण विचारले आहे. घरभाड्याइतकाच हवेचाही विचार करावा, असे मी मनापासून सांगेन, कारण इथे वीस-पंचवीस किलोमीटरवर ऋतू बदलतो.

किनाऱ्यालगत उत्तरेकडून थंड सागरी प्रवाह येतो. त्यातच उन्हाळ्यातले वायव्येचे वारे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि खालचे अधिक गार पाणी वर येते. त्यावरून वाहणारी दमट हवा थंडावून धुके तयार होते. त्याच वेळी आतल्या सेंट्रल व्हॅलीत पारा 38 अंशांच्या आसपास असतो. तिथली तापलेली हवा वर जाते, दाब घटतो आणि समुद्रावरची गार हवा आत ओढली जाते. किनाऱ्याच्या डोंगरांमध्ये तिला समुद्रसपाटीवरची मोठी वाट गोल्डन गेट सामुद्रधुनीचीच मिळते आणि शहर नेमके त्या वाटेवर आहे. म्हणून तिथे जुलैत दुपारचे तापमान सरासरी 20 अंशांच्या आसपासच राहते. शहरातही ट्विन पीक्सच्या पश्चिमेला, सनसेट भागात, दिवस धुक्यात जातो, तेव्हा पूर्वेच्या मिशन भागात अनेकदा स्वच्छ ऊन असते.

मी नऊ वर्षे वॉलनट क्रीकला राहतो. संध्याकाळी घरी परतताना बर्कली हिल्समधला कॅल्डेकॉट बोगदा लागतो, जेमतेम एक किलोमीटर लांबीचा. ओकलंडच्या तोंडाशी काचेवर धुक्याचे बारीक तुषार असतात आणि गाडीतला आकडा 19 दाखवतो. ऑरिंडाकडे बाहेर पडून थोडे पुढे गेलो की तो 31 वर जातो आणि मी जाकीट काढतो.

पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडतो. त्याचे गणित आपल्याला परके वाटणार नाही: सांताक्रूझ डोंगर समुद्राकडून आलेले ढग अडवतात आणि त्यांच्या पर्जन्यछायेतल्या सॅन होजेला वर्षाला साधारण 380 मिलिमीटरच पाऊस मिळतो. महाबळेश्वर आणि वाई आठवा.

शरद ऋतूत मात्र वारा उलटतो. आतल्या भागातून कोरडे डायब्लो वारे सुटतात, महिनोन् महिने वाळलेले गवत पेट घेते आणि धूर दूरवर पसरतो. घरात हवा शुद्ध करणारे यंत्र आणि चांगले मास्क ठेवावेत.

सासूबाईंसाठी मी वॉलनट क्रीकच सुचवेन. फक्त घरात एसी आहे याची खात्री करा, कारण या भागातल्या जुन्या घरांत तो असेलच असे नाही. रात्री तिथेही गारवा उतरतो, तेव्हा शाल आणि स्वेटर हाताशी असू द्यावेत. शहरातले घर पाहायचेच असेल, तर दुपारी बाराला न जाता संध्याकाळी पाचनंतर जा आणि पश्चिमेची खिडकी उघडून दहा मिनिटे तिथे उभे राहा.