दुथडी म्हणजे पूर नव्हे

लातूरच्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे: ‘नदीविषयीच्या प्रशिक्षणासाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. त्यात ‘बँकफुल डिस्चार्ज’ आणि ‘चॅनल मेंटेनन्स फ्लो’ असे शब्द आहेत. पहिल्याला मी ‘पूरप्रवाह’ लिहिलं, ते एका अभियंत्यांनी खोडलं. ‘दुथडी’ चालेल का? की दुथडी म्हणजेही पूरच?’

चालेल. मला तर याहून नेमका शब्द दिसत नाही. थडी म्हणजे काठ. गोदाकाठचा पट्टा ती गंगथडी, भीमेकाठचा मुलूख ती भीमथडी. पाणी दोन्ही थड्यांना टेकलं पण बाहेर पडलं नाही, की नदी दुथडी. माझी आजी गंगाखेडकडची. श्रावणात ती विचारायची, ‘गंगा थडीला लागली का थडीवरून गेली?’ थडीला लागली म्हटलं की ओटी भरायला निघायची. थडीवरून गेली म्हटलं की आधी जनावरं वर न्यायला लावायची. पूर तो दुसरा. बातम्यांमध्ये ‘दुथडी’ आणि ‘पूरस्थिती’ एकाच वाक्यात येतात, त्याने हा भेद पुसला जातो याचं मला वाईट वाटतं.

कारण नदीच्या अभ्यासात ही रेघच मोलाची आहे. वोलमन आणि मिलर या अमेरिकी अभ्यासकांनी 1960 मध्ये मांडलं की पात्र घडवण्याचं बहुतेक काम महापूर करत नाही. तो खूप गाळ वाहून नेतो, पण क्वचित येतो. रोजचं संथ पाणी वाळूही धड हलवत नाही. पुरेशा जोराचं आणि पुन्हापुन्हा येणारं मधलं पाणी सगळ्यात जास्त काम करून जातं, आणि पुष्कळ नद्यांत ते दुथडीच्या आसपास असतं. अमेरिकेतल्या अनेक नद्यांना ते साधारण एक-दोन वर्षांतून एकदा येतं. मराठवाड्यात बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, तेव्हा हा आकडा तसाच उचलू नका. मांजरा, तेरणा, सिंदफणा यांचं माप त्यांच्याच काठावर घ्यावं लागेल. थडीचा चढ संपून जमीन सपाट कुठे होते, वाळू संपून बारीक माती कुठे लागते, झाडोरा कुठे बदलतो, त्या खुणा दुथडीच्या. समजा तिथे पात्र 40 मीटर रुंद, सरासरी 2 मीटर खोल आणि पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर. तर प्रवाह झाला 120 घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे विसर्गाच्या बातम्यांतल्या भाषेत सुमारे 4,200 क्युसेक.

आता दुसरा शब्द, ‘चॅनल मेंटेनन्स फ्लो’. ‘देखभाल प्रवाह’ नको. देखभाल कालव्याची होते, माणसं करतात. पात्रात पोकलेन उतरवतात त्याला आपण खोलीकरण म्हणतोच. इथे पात्र मोकळं ठेवायचं काम पाणीच करतं, म्हणून मी ‘पात्रराखण प्रवाह’ सुचवीन. शेताची राखण आपल्या तोंडात आहेच. ‘किमान प्रवाह’ तर अजिबात लिहू नका. नदीत किती पाणी राहू द्यावं हे ठरवण्याच्या, टेनंट या अमेरिकी अभ्यासकांच्या 1976 च्या पद्धतीत सरासरी वार्षिक प्रवाहाच्या 10 टक्के पाणी माशांना जेमतेम तग धरण्यापुरतं धरलं आहे, आणि पात्र धुऊन काढायला 200 टक्के. जगवणारं पाणी वेगळं, पात्र राखणारं वेगळं.

ते पात्र राखणारं पाणी धरणाखाली वर्षानुवर्षं आलं नाही, तर गाळ बसतो, त्यावर वेडी बाभूळ मूळ धरते, पात्र आक्रसतं. मग एखाद्या वर्षी दरवाजे उघडले की पूर्वी पात्रात मावणारं पाणीच थडीवरून जातं.

पत्रकात असं लिहिता येईल: ‘पात्रराखण प्रवाह म्हणजे गाळ वाहता ठेवून नदीचं पात्र मोकळं राखणारे, दुथडीपर्यंत चढणारे आणि ओसरणारे प्रवाह.’ ‘ओसरणारे’ गाळू नका. पाणी एकदम तोडलं तर भिजलेल्या थड्या ढासळतात.