जिजाईचं पायताण आणि वडिलांची रिळं

प्रश्न : मोठ्या हौसेने सोळा वर्षांच्या नातीला घेऊन ‘संत तुकाराम’ बघायला बसले. अर्ध्या तासात तिने मोबाइल काढला. म्हणाली, ‘आजी, यातले चमत्कार खोटे दिसतात गं.’ तिला जुन्या चित्रपटांची गोडी कशी लावू? – एक आजी, मिरज

उत्तर : ताई, नातीचं काही चुकलेलं नाही. गरुडाचं विमान आज बघताना ते बनवलेलं आहे हे कळतंच. पण मी हा चित्रपट पंचविसेक वेळा तरी बघितला असेन, आणि एकदाही चमत्कारासाठी नाही. मी बघतो जिजाईला, तुकारामांच्या बायकोला.

दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी 1936 साली पुण्यात, प्रभातच्या स्टुडिओत तो केला. मुंबईच्या सेंट्रल थिएटरात वर्षाच्या वर चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. यातलं काही नातीला सांगू नका. बक्षिसं ऐकून कुणाला गोडी लागत नाही. तिला एकच प्रसंग काढून दाखवा. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात दंग. जिजाई एका हाताने पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन थेट देवळात शिरते, विठ्ठलाला जाब विचारायला! गौरी नावाच्या नटीने ही भूमिका केली आहे. तिच्या चालण्याकडे बघा, आवाज चढतो तेव्हा मान कशी पुढे येते ते बघा. माझी आजी दुष्काळाच्या गोष्टी सांगताना अगदी अशीच मान पुढे काढायची. ती पिढी गेली, तिचं चालणं-बोलणं मात्र या पडद्यावर राहिलं. मला तरी त्या चित्रपटातला खरा चमत्कार हाच वाटतो.

मग तिला सालोमालो दाखवा. तुकारामांचे अभंग चोरून तो स्वतःच्या नावावर खपवतो आणि भडक करून गातो. त्यानंतर लगेच विष्णुपंत पागनीसांचं गाणं ऐकवा. पागनीस मूळचे संगीत रंगभूमीवरचे, स्त्रीभूमिका करणारे. तो मऊपणा त्यांच्या तुकारामात उतरला आहे. शब्दांवर हक्क कुणाचा, हा वाद आजच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. आणि ‘आधी बीज एकले’ लागलं की विचारा, हे कुणाचं? ती तुकारामांचं म्हणेल, तुम्हीही कदाचित तेच म्हणाल. ते लिहिलं शांताराम आठवल्यांनी, या चित्रपटासाठी. इतकं अस्सल की लोकांनी ते गाथेतलंच धरलं.

हे रुचलं तर पुढच्या रविवारी ‘कुंकू’ (1937) लावा. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली, पण त्याला नवरा मानायला ठाम नकार देणारी मुलगी शांता आपट्यांनी उभी केली आहे. दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत वापरलंच नाही. नेहमीचे आवाज तेवढे ऐकू येतात आणि घरातली शांतता अंगावर येते. नात मोबाइल बाजूला ठेवेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : माहितीपट म्हटलं की पूर्वी थिएटरात सिनेमाआधी दाखवायचे ते धरणा-कालव्यांचे रटाळ तुकडे आठवतात. खरंच बघण्यासारखा एखादा सांगाल? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एस. एन. एस. शास्त्रींचा ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ बघा. 1967चा आहे, आणि ज्यांच्या कालव्यांना तुम्ही कंटाळलात त्या सरकारच्या फिल्म्स डिव्हिजननेच काढलेला आहे. 1947च्या 15 ऑगस्टला जन्मलेली, वीस वर्षांची झालेली मुलंमुली त्यात देशाबद्दल आणि स्वतःबद्दल बोलतात. सरकारी पैशातून निघालेल्या फिल्ममध्ये इतकं मोकळं बोलणं ऐकून मी पहिल्यांदा चकितच झालो होतो. ती मुलं आज ऐंशीच्या घरात असतील, हे मनात ठेवून बघा.

आणि माहितीपट हा पाहुणा प्रकार आहे असं समजू नका. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 साली, दादासाहेब फाळक्यांनी कॅमेरा लावला होता तो वाटाण्यासमोर. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचं रोज थोडंथोडं चित्रण केलं आणि ती फिल्म दाखवून पुढच्या कामाला भांडवल मिळवलं. आपला सिनेमा मातीतून वर येणाऱ्या कोंबापासून सुरू झाला, याचा मला फार अभिमान आहे.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत 16 मिलिमीटरची सहा रिळं सापडली. गावची जत्रा, आत्याचं लग्न असं काही असावं. डबा उघडला की आंबूस वास येतो. पेट घेतील का? टाकून देऊ? – एक वाचक, सातारा

उत्तर : टाकू नका! पेट घेणारी ती जुनी नायट्रेट फिल्म, आणि ती 35 मिलिमीटरमध्ये यायची. 16 मिलिमीटरची फिल्म पहिल्यापासून ‘सेफ्टी’च निघाली, तेव्हा आगीची भीती सोडा. आंबूस वास व्हिनेगरचा आहे. फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजायला लागला की हा वास सुटतो, आणि एका डब्याचा दुसऱ्याला लागतो. म्हणून जास्त वासाची रिळं आधी वेगळी काढा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, उन्हात वाळवू नका. कोरडी, थंड जागा बघा.

आणि कृपा करून प्रोजेक्टरवर लावू नका. आमच्या फिल्म सोसायटीत मी वीस वर्षं प्रोजेक्टर चालवला. एकदा असंच वासाचं एक रीळ मी उत्साहाने चढवलं. फिल्म आकसलेली होती, भोकं दात्यांवर बसेनात. टर्र टर्र आवाज आला आणि मी हात घालेपर्यंत दोनेक फूट फिल्मच्या कडा फाटल्या होत्या. तो आवाज अजून कानात आहे.

आधी स्कॅन करून घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र टाकून सल्ला विचारा. 1964पासून तिथे हेच काम चालतं. ‘आलम आरा’ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो तर गाजलेला चित्रपट होता. तुमच्या गावच्या जत्रेची तर ही एकच प्रत असणार.

स्कॅन झालं की आत्याबाईंना शेजारी बसवून बघा आणि कोण कोण दिसतंय ते वहीत उतरवून घ्या. डब्यांवर वडिलांच्या अक्षरात काही लिहिलेलं असेल, तर पुसापुशीच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा.