ड्रममधून कॅनमध्ये ॲसिड, कॉस्टिक ओतायचं काम मिळालंय, काय काळजी घेऊ?

तू लिहिलंयस की नवी मुंबईत पावणे एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागून आठवडा झालाय, ड्रममधून ॲसिड आणि कॉस्टिक लाय (म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी) छोट्या कॅनमध्ये भरायचं काम आहे आणि जुनी माणसं म्हणतात "काही होत नाही रे". वयाने मोठा असेन म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. मी आधी रबाळे मग महापे अशी १६ वर्षं स्टोअरला काढली, आणि माझ्या डोळ्यांदेखत जे काय झालं ते रिॲक्टरवर (केमिकल बनवायच्या मोठ्या भांड्यावर) नाही, असंच ओतताना झालं. रिॲक्टरला सगळेच टरकून असतात, पाच लिटरच्या कॅनला कोण घाबरतंय.

ॲसिड लागलं की चरचरतं, माणूस आपसूक नळाकडे पळतो. कॉस्टिक लबाड. आधी नुसतं साबणासारखं बुळबुळीत लागतं, कारण ते खरोखर कातडीतल्या चरबीचा साबण करत असतं, आणि दुखायला लागेपर्यंत आत उतरलेलं असतं. डोळ्यात तर ॲसिडपेक्षा वाईट. आमच्या एका पोराच्या डोळ्यात लायचा शिंतोडा उडाला, चष्मा होता पण साधा नंबरचा, बाजूने आत गेलं. सुपरवायझर रिक्षा बोलवा रिक्षा बोलवा ओरडतोय आणि आय वॉशसमोर, म्हणजे डोळे धुवायच्या फवाऱ्यासमोर, रिकाम्या ड्रमांची थप्पी! शेवटी कँटीनच्या नळाखाली डोकं धरलं, मी दोन बोटांनी पापण्या फाकवून धरल्या आणि वीस मिनिटं पाणी सोडलं, तो आम्हाला शिव्या घालत होता तरी. डॉक्टर म्हणाले पाणी मारून आणलंत म्हणून नजर वाचली. तर आधी पाणी, कमीत कमी १५-२० मिनिटं, कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे उतरवून, तिथे लाजायचं नाही, मग हॉस्पिटल. आणि ॲसिड पडलं म्हणून वर कॉस्टिक चोळायचा शहाणपणा नको, त्या रिॲक्शनची उष्णता वेगळी भाजते.

आता ड्रम. उन्हात पडलेला ड्रम आतून फुगलेला असतो, बूच एकदम फिरवायचं नाही, तोंड बाजूला ठेवून अगदी थोडं सैल करायचं, फुस्स थांबू द्यायचं, मग उघडायचं. काढायला हँडपंप माग. पाइप तोंडाने ओढणारे महाभाग अजून भेटतात, त्यांच्याकडून काही शिकू नको.

हातमोजे रोज सकाळी फुगवून मनगटाशी पिळून बघ, हवा गेली तर भोक आहे, फेकून दे. वेल्डरचे चामड्याचे मोजे तर घालूच नको, ते केमिकल पितात आणि हाताला लावून ठेवतात. पँट गमबुटाच्या बाहेरून सोड, आत खोचलीस की सांडलेलं थेट बुटात.

सल्फ्युरिक पातळ करायचं असेल तर पाण्यात ॲसिड, हळूहळू, ढवळत. उलटं कधीच नाही, पाणी ॲसिडपेक्षा हलकं, वरच उकळतं आणि तोंडावर उडतं. (पावसाळ्यात पत्रा गळतो त्या कोपऱ्यात ॲसिडचा ड्रम का ठेवत नाहीत ते आता कळलं असेल.) हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचचं पाणी) आणि एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) यांना एकच मग वापरू नको, दोन्ही भेटले की क्लोरीन, विषारी वायू. आणि पाण्याच्या बाटलीत "उरलेलं थोडंसं" भरून ठेवणारा दिसला तर भांड त्याच्याशी, खुशाल भांड.

स्टोअरमधून तुझ्या मालाची एसडीएस शीट (सेफ्टी डेटा शीट, केमिकलच्या धोक्यांची माहिती) माग. १६ भाग असतात, सगळं डोक्यावरून जाईल, तू ४ नंबर बघ, तिथे प्रथमोपचार, आणि ८ नंबर, तिथे कुठले मोजे, कुठला मास्क ते असतं. इंग्रजी असेल तर मोबाइलवर फोटो काढ आणि रात्री घरी कुणाकडून तरी समजून घे.

पण हे सगळं नंतर. उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी आय वॉशचं पॅडल दाबून बघ. त्या प्रकरणानंतर आम्ही आमचं दाबलं तर आधी काहीच नाही, मग गंजाचं लाल पाणी. स्वच्छ येईपर्यंत सोडून ठेव, आणि समोर ड्रम लावलेले असतील तर कुणाला विचारत न बसता स्वतः सरकव.