टेकन टॅगमध्ये एकाची लाइफ संपली की दोघेही हरतात, मग दुसरा गडी कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या भावाच्या जुन्या प्लेस्टेशन 2 वर तुम्ही टेकन टॅग टूर्नामेंट हा जोडीने लढायचा मारामारीचा गेम खेळायला लागलात. दोन प्लेयर निवडता, एकाची लाइफ संपते आणि दुसरा भरल्या लाइफने बाहेर उभा असूनही राउंड जातो. हा नियम तुम्हाला अन्यायाचा वाटतो. शिवाय गेम नीट शिकायचा तर सुरुवात कुठून करायची, तेही तुम्ही विचारलं आहे.

नियम अन्यायाचा नाही. हा अख्खा गेम त्याच एका नियमावर उभा आहे, आणि हे माझ्या डोक्यात शिरायला वर्ष गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शाळेत खो-खो खेळला असालच. पाठलाग करणारा दमलाय, दम लागून पाय ओढतोय, तरी खो देत नाही. मग समोरचा हातातून निसटतो. आणि घाईघाईत पाठीला नीट हात न लावता खो दिला, तर फाउल. सगळं कसब खो कधी द्यायचा यात आहे. टेकन टॅग तसाच आहे. चार बटणं फटके देण्याची, दोन हातांची दोन, दोन पायांची दोन. पाचवं बटण खो देण्याचं, म्हणजे टॅगचं: आतला गडी बाहेर, बाहेरचा आत. पहिल्या चारांवर सगळे घाम गाळतात, मॅच मात्र पाचव्यावर ठरते.

आता लाइफच्या पट्टीकडे नीट बघा. मार खाल्ला की पट्टी कमी होते, पण गेलेल्या लाइफचा काही भाग लाल दिसत राहतो. तो लाल भाग म्हणजे परत मिळू शकणारी लाइफ. गडी बाहेर गेला की ती हळूहळू भरते. आत उभा राहून मार खात राहिलात तर ती कायमची जाते. म्हणजे बाहेर उभा असलेला तुमचा दुसरा जीव नाही. तो पहिल्याला दम खायला मिळावा म्हणून मैदान सांभाळणारा आहे, आणि थोड्या वेळाने पहिला त्याच्यासाठी तेच करणार आहे.

समजा नियम तुम्हाला हवा तसा असता, दोघंही हरले तरच राउंड जाणार. तर काय झालं असतं? पहिल्याला शेवटपर्यंत लढवायचं, तो पडला की दुसऱ्याला आणायचं. टॅग करायची गरजच उरली नसती. दोन जुने एकास-एक राउंड एकामागून एक लावल्यासारखं झालं असतं. कॅपकॉम या दुसऱ्या कंपनीने 1996 मध्ये एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर काढला, त्यात तुम्ही म्हणता तसंच आहे, जोडीतले दोघंही पडावे लागतात. तो गेमही मला आवडतो, पण त्याचा जीव वेगळ्या गोष्टीत आहे, हवेतल्या लांबलचक कॉम्बोंमध्ये, म्हणजे सलग जोडलेल्या फटक्यांमध्ये, आणि सुपर मूव्हमध्ये. टेकन टॅगमध्ये आत असलेल्या गड्याची प्रत्येक बोटभर लाइफ मोलाची होते, कारण ती संपली की सगळं संपलं. टीव्हीवर कुस्तीच्या टॅग मॅच पाहिल्या असतील तर हे ओळखीचं वाटेल. तिथेही एकाला पिन केलं की जोडी हरते, दुसरा दोरीपलीकडे कितीही ताजा असो.

मला हे कळलं ते नाशिकमधल्या एका तळघरातल्या गेम पार्लरमध्ये, 2005 च्या आसपास. चार टीव्ही, प्रत्येकासमोर एक बाक, आणि कोण किती वाजता बसला ते मालक वहीत लिहायचा. कंट्रोलरला आम्ही सगळे रिमोटच म्हणायचो. तिथे एक दादा यायचा, कॉलेजात होता, कायम पॉल आणि लॉ घ्यायचा. माझी जोडी ह्वोरांग आणि किंग. एका राउंडला ह्वोरांगची लाइफ नखाएवढी उरली होती. मी घाबरून टॅग मारला. ह्वोरांग उडी मारून पडद्याबाहेर गेला, किंग कडेने धावत आला, आणि तेवढ्यात पॉलचा तो प्रसिद्ध उजवा मुक्का त्याच्या छातीवर बसला. दादाने मुक्का किंग यायच्या आधीच सुरू केला होता. किंग कुठून येणार, कधी पोचणार, हे त्याला ठाऊक होतं. किंग भुईसपाट. किंग उठला आणि मी पुन्हा घाबरून टॅग मारला. ह्वोरांग परत आला तो जवळजवळ तेवढ्याच लाइफने, कारण त्याला भरायला वेळच मिळाला नव्हता. एक साधी खालची किक, आणि राउंड गेला. किंगची निम्म्याहून जास्त लाइफ तशीच पट्टीवर.

दादाने रिमोट मांडीवर ठेवला आणि म्हणाला, ‘पळायला टॅग मारतोस, म्हणून मार खातोस. आधी मला पाड, मग जा.’

आधी पाड, मग जा. तुम्हाला या उत्तरातून एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्या. आत येणारा गडी धावत येतो आणि तेवढा वेळ तो उघडा असतो. समोरचा उभा असेल, मोकळा असेल, तर तो तुमची वाटच बघतोय. तो जमिनीवर असेल, किंवा हवेत उडालेला असेल, तर तो काहीच करू शकत नाही. टॅगची वेळ तीच. म्हणूनच समोरच्याला वर उडवणाऱ्या फटक्याला या गेममध्ये एवढी किंमत आहे. फटका बसला की लगेच टॅग बटण दाबायचं. पहिला निघून जातो, दुसरा धावत येतो, आणि खाली पडणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला हवेतच झेलून आणखी दोन-तीन फटके देतो. मार दिला, दमलेला बाहेर गेला, ताजा आत आला, तिन्ही कामं एका झटक्यात.

आता याची दुसरी बाजू, जी शिकायला मला आणखी वेळ लागला. तुम्हाला जशी बाहेर पडायची घाई, तशीच समोरच्यालाही असते. त्याच्या आतल्या गड्याची लाइफ लाल झाली आहे, तो जोडीदाराला बोलवायला टपलाय. त्याला जाऊ द्यायचं नाही. जमिनीवर पडलेला टॅग करू शकत नाही, म्हणून तो पडला की जवळ राहायचं, उठतानाच पुन्हा खाली पाडायचं. पाठीला भिंत नाही, मैदान अमर्याद आहे, तरी त्याला कोंडायचं. चांगल्या खेळाडूंची मॅच बघाल तेव्हा हेच दिसेल, एक जण दार उघडायचा प्रयत्न करतोय आणि दुसरा ते दार दाबून धरतोय.

त्यात हा गेम बनवणाऱ्या नाम्को कंपनीने आणखी एक सुंदर गोष्ट घातली आहे. आत जोडीदार सडकून मार खात असेल तर बाहेरच्याला चेव येतो आणि त्याची पट्टी लुकलुकायला लागते. त्या वेळात तो आत आला तर त्याचे फटके थोडा वेळ जास्त जोरात बसतात. याला नेत्सु म्हणतात, जपानीत त्याचा अर्थ उष्णता, ताप. आणि हा चेव सगळ्यांना सारखा येत नाही. कोण कोणासाठी पेटून उठणार हे त्या पात्रांच्या आपसातल्या नात्यावर ठरवलं आहे. गेम बनवणाऱ्यांनी नाती आकड्यांत उतरवली, हे मला अजूनही फार आवडतं.

नात्यांचा विषय निघालाच आहे तर हा गेम आला कुठून ते सांगतो. टेकन सुरू झालं 1994 मध्ये, जपानच्या आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या मशीनवर. 1997 च्या टेकन 3 मध्ये कथा एकदम एकोणीस वर्षं पुढे गेली, जुने बरेच चेहरे गायब झाले आणि त्यांची मुलं, शिष्य आले. काझुया नाही, त्याचा मुलगा जिन आला. जिनची आई जुन काझामाही नाही. मग 1999 मध्ये टेकन टॅग टूर्नामेंट आला, टेकन 3 आर्केड मशीनच्या ज्या सिस्टिम 12 बोर्डवर चालायचा त्याच बोर्डवर. हा मूळ कथेच्या बाहेरचा गेम. त्यामुळे कोण मेलं, कोण हरवलं याचा प्रश्नच नाही, आधीच्या तिन्ही भागांतले लोक एकत्र आणता आले, तीसहून जास्त. 2000 मध्ये तो प्लेस्टेशन 2 वर आला, तेव्हा मैदानं आणि पात्रं नव्याने, जास्त बारकाईने घडवली होती. अमेरिकेत आणि युरोपात तर हे यंत्र विक्रीला आलं तेव्हाच हा गेम सोबत होता.

म्हणजे तुम्ही जुन आणि जिन यांची जोडी करू शकता. कथेत ज्या मुलाची आई हरवते, तो इथे तिच्या बाजूला उभा असतो, दोघं जवळजवळ एका वयाची. मी ही जोडी पहिल्यांदा घेतली ते ती चांगली आहे म्हणून नाही, त्यांना एकत्र बघायचं म्हणून. जिन मार खात असताना जुनला आत आणलं तेव्हा बटणं दाबायची सोडून मी नुसता पडद्याकडे बघत राहिलो होतो.

गेमच्या शेवटच्या लढाईत भेटणारी अननोन नावाची बाई, अंगभर जांभळट काळं ओघळलेली, मागे लांडग्याची आकृती, तीही याच गेममधली. 2011 मध्ये आर्केडला आणि 2012 मध्ये घरच्या यंत्रांवर आलेल्या टॅग टूर्नामेंट 2 मध्ये जुनचंच रूपांतर अननोनमध्ये होतं, हे पाहिल्यावर पहिल्या भागातली ती लढाई मला वेगळीच दिसायला लागली.

आता शिकायचं कसं.

दोन गडी निवडताना दोघंही अवघड घेऊ नका. हेहाची, काझुया, जिन हे मिशिमा घराणं सगळ्यांना भुरळ घालतं, मलाही घातली. पण त्यांचा विजेचा मुक्का म्हणजे हातांची परीक्षा आहे. पुढे, सोडा, खाली, खाली-पुढे, आणि खाली-पुढे दाबलं त्याच फ्रेमला उजवा मुक्का. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाला अशी साठ असतात, म्हणजे चूक करायला तुमच्याकडे सेकंदाचा साठावा भागही नाही. मुक्का नुसता निघाला तर साधा, वेळ साधली तर निळी वीज चमकते. अंगठ्याला फोड येईपर्यंत मी तो सराव केला आहे आणि त्याचा आनंद मला चांगलाच ठाऊक आहे, पण पहिल्या महिन्यात त्यामागे लागू नका. पॉल घ्या. खाली, खाली-पुढे, पुढे आणि उजवा मुक्का, एवढं आलं की समोरच्याला धाक बसतो. सोबतीला कुणीतरी असा घ्या ज्याच्या हालचाली बघायला तुम्हाला मनापासून आवडतात. तो आवडला तरच सराव होईल.

एडी नावाचा गडी घेऊन नुसत्या किका बडवणारे तुम्हाला भेटतील आणि सुरुवातीला हरवतीलही. त्यांच्यावर चिडू नका, ब्लॉक शिका. मागे दाबून उभं राहिलात तर वरचे आणि मधले फटके अडतात, खाली-मागे दाबलंत तर खालचे. मधला फटका बसलेल्याला लागतो, वरचा त्याच्या डोक्यावरून जातो. एवढं तिहेरी गणित हातात मुरलं की एडीच्या किका तितक्या भीतीदायक राहत नाहीत. दहा फटक्यांची साखळी पाठ करण्यात मात्र वेळ घालवू नका. पार्लरमध्ये पोरं ती पाढ्यांसारखी घोकायची, आणि दादासारखा माणूस ती पाढ्यांसारखीच अडवायचा.

हे सगळं माणसासमोर बसून लवकर येतं. लाहोरच्या अर्सलान अॅशने 2019 मध्ये टेकन 7 ची इव्हो जपान ही मोठी स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी लास वेगासच्या इव्हो स्पर्धेच्या अंतिम फेरीत कोरियाच्या ‘नी’ या खेळाडूला हरवलं, तेव्हा जगाला पाकिस्तानातल्या टेकन खेळणाऱ्या पोरांचा पत्ता लागला. तीही अशीच एका बाकावर खांद्याला खांदा लावून शिकलेली.

भावाची डिस्क घासली गेली असेल तर प्लेस्टेशन 3 वर 2011 चा टेकन हायब्रिड शोधा, त्यात हाच गेम जास्त स्वच्छ चित्रात आहे. नवा टेकन 8 उत्तम आहे, जुनही त्यात परत आली आहे, पण तो एकास-एक आहे, त्यात खो नाही.

सुरुवात आजच करा. प्रॅक्टिस मोडमध्ये तुमच्या पहिल्या गड्याचा एकच उडवणारा फटका शोधा आणि त्यावर टॅग बटण दाबायचा सराव करा, दुसरा धावत येऊन समोरच्याला जमिनीला टेकायच्या आत गाठेपर्यंत. मग भावाला समोर बसवा. त्याला पाडल्याशिवाय पाचव्या बटणाला हात लावायचा नाही, लाइफ नखाएवढी उरली तरीही. पहिले काही राउंड जातील. पण भाऊ ज्या क्षणी स्वतः घाबरून टॅग मारेल, त्याच्या नवीन गड्याची पावलं कडेने येताना दिसतील, आणि तुमचा पॉल तोवर खांदा मागे घेऊन तयार असेल.