इलिनॉयमध्ये किराणा दुकान आणि सरकारी अनुदान

भाऊ, तुमचा प्रश्न असा: बहिणीने भरलेला अर्ज इतक्या वर्षांनी मंजूर झाला, ग्रीन कार्डावर सहकुटुंब अमेरिकेत इलिनॉयला येताय, जयसिंगपूरचं दुकान पुतण्याकडे सोपवणार. इथे ‘फूड डेझर्ट’मध्ये किराणा दुकान काढलं तर सरकार पैसे देतं, हे खरं का?

खरं आहे. माझ्या इथल्या किराणा दुकानासाठी मीही घेतलेत. पण त्या पैशांच्या भरवशावर विमानात बसू नका.

फूड डेझर्टमध्ये खायला काहीच मिळत नाही असं नाही. चिप्स, कोल्ड्रिंक, फ्रोझन पिझ्झा पेट्रोल पंपावरही असतो. ताजी भाजी, फळं, मांस मात्र मिळत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याचं नेहमीचं माप असं: कमी उत्पन्नाची वस्ती, आणि तिथल्या बऱ्याच लोकांना सुपरमार्केट शहरात 1 मैलापेक्षा, ग्रामीण भागात 10 मैलांपेक्षा लांब. आपल्याकडे निदान वडाप मिळतं. इथे गाडी नसलेल्या म्हातारीला कांदे-बटाट्यासाठी शेजाऱ्याची मनधरणी करावी लागते.

इलिनॉय राज्याने 2023 मध्ये यासाठी 2 कोटी डॉलरची योजना आणली. त्यात नवीन दुकानाला वेगळं अनुदान आणि चालू दुकानातल्या यंत्रसामग्रीला वेगळं. मला दुसऱ्या प्रकारचं मिळालं. जुलैच्या एका रात्री माझा जुना वॉक-इन कूलर, म्हणजे आत शिरता येईल असा खोलीएवढा फ्रिज, बंद पडला होता. सकाळी दार उघडलं तर आतून कोमट हवा आली. दूध, चीज, चिकन, सगळं मी आणि बायकोने काळ्या पिशव्यांत भरून टाकलं. भोपळी मिरच्यांना हात लावला तर त्या मऊ पडलेल्या. नवा कूलर अनुदानातून आला, पण आधी बिलं मी भरली आणि पावत्या दिल्यावर काही महिन्यांनी पैसे हातात पडले. मधल्या काळात कर्ज काढावं लागलं. तेवढी ताकद तुमच्याजवळ हवी.

शिवाय अनुदानातून कूलर येतो, पण रोजचा तोटा भरून निघत नाही. किराण्यात शंभर डॉलरच्या विक्रीवर शेवटी एक-दोन डॉलर उरले तरी नशीब. मोठ्या दुकानांच्या साखळ्या कंपनीकडून ट्रक भरभरून घेतात, आपल्याला होलसेलर चढा भाव लावतो आणि किमान ऑर्डरही ठरवून देतो. गावाला दहा पेट्या केळी लागत असतील तर वीस घ्या, उरलेली सडू द्या. ओहायो आणि मिसिसिपीच्या संगमावर केरो नावाचं गाव आहे. तिथलं किराणा दुकान 2015 च्या अखेरीस बंद पडलं. 2023 मध्ये गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर दुकान उघडलं, सरकारी मदतही मिळाली. आपल्या सहकाराच्या मुलखातल्या माणसाचा ऊर भरून यावा अशी गोष्ट. तरीही पुढे ते चालवणं त्यांना जड गेलं.

आणखी एक गोष्ट, जी दुकान विकणारा तुम्हाला सांगणार नाही. अशा गावात बरंच गिऱ्हाईक सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर, म्हणजे आमच्याकडच्या लिंक कार्डावर, खरेदी करतं. ते कार्ड घेण्याचा परवाना दुकानाबरोबर हस्तांतरित होत नाही. नव्या मालकाला नव्याने अर्ज करावा लागतो आणि निर्णयाला 45 दिवसांपर्यंत लागू शकतात. जुन्या मालकाच्या परवान्यावर एक दिवसही कार्ड चालवू नका. दीड महिना त्या गिऱ्हाइकाविना निघेल एवढी रोकड बाजूला ठेवा. अर्जाला फी नाही. केंद्राच्या अनुदानासाठी लागणारी नोंदणीही फुकट आहे. ‘शुल्क भरा, करून देतो’ असे फोन येतील, ते ठेवून द्या.

तुम्हाला उधारी कळते, वजन-माप कळतं, गिऱ्हाइकाच्या घरचं सुखदुःख कळतं. ते इथे शंभर टक्के कामी येईल. माझ्या दुकानाला गावाने जपलं ते त्याच जोरावर. पण होलसेलर, विमा, विजेचं बिल हे शिकायला पहिलं वर्ष कुणाकडे तरी नोकरी करा. माझ्याकडे आलात तर आनंदच आहे. मंगळवारी पहाटे पाचला ट्रक येतो, माल उतरवण्यापासून सुरुवात करू.