एफडी मोडायची की कर्ज काढायचं? आधी बाँडचं पहिलं पान वाचा

प्रश्न : वय 46, अंबड एमआयडीसीत सुपरवायझर. वर्षाचं उत्पन्न 6.8 लाख, घरात कमावता मी एकटाच. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर 9 लाखांचं कर्ज बाकी. मुलीने बारावीनंतर सीईटी दिलीय, तिला बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचंय. एका खासगी विद्यापीठात फी, होस्टेल, मेस मिळून वर्षाला 4 लाख लागतील. 25 हजार भरून सीट बुक करा म्हणतायत. आम्ही ओबीसी. 6 लाखांची एफडी मोडू की शैक्षणिक कर्ज काढू? तिच्या शिक्षणासाठी 2018 पासून वर्षाला 60 हजारांची विमा पॉलिसी भरतोय, बाँडचा फोटो जोडलाय.

उत्तर : फोटो मोठा करून पाहिला आणि तुमचा प्रश्न बाजूलाच राहिला. बाँडवर विमाधारक म्हणून मुलीचं नाव आहे, वय 10. तुम्ही नुसते प्रस्तावक, म्हणजे हप्ते भरणारे. हप्ता माफीच्या रायडरपुढे (हप्ते भरणारा गेला तर पुढचे हप्ते माफ करणारी जोड-सोय) 'लागू नाही' लिहिलंय. म्हणजे उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून घरात एक रुपया येणार नाही, उलट हप्ता भरायला तुमची पत्नी उरेल. घर तुमच्या पगारावर चालतं आणि विमा काढला दहा वर्षांच्या पोरीचा! एफडी करायला आलेल्या बापाला 'मुलीचं शिक्षण' म्हणत हे गळ्यात मारतात, याचा मला खरंच संताप येतो.

हिशेबही बघा. 12 हप्ते म्हणजे 7.2 लाख भरायचे आणि 2034 मध्ये साधारण 11 लाख मिळायचे. परतावा पडतो 4 टक्के. मुलगी इंजिनिअर होणार 2030 ला. शिक्षणाचा पैसा शिक्षण संपल्यावर चार वर्षांनी!

आठ हप्ते गेले, नववा भरू नका. आज सरेंडर केली, म्हणजे मोडून पैसे घेतले, तर किती आणि पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच, ठेवली तर 2034 ला किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घ्या. 'आता बंद केली तर नुकसान' हे वाक्य ऐकायला मिळेलच. नुकसान होऊन गेलंय, त्यात आणखी 2.4 लाख कशाला घालायचे?

त्या 60 हजारांतून स्वतःचा 1 कोटीचा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा) घ्या, साठीपर्यंतचा. तुमच्या वयाला वर्षाला 25-30 हजार धरा. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. बीपीची गोळी चालू असेल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण पुढे क्लेम अडकणार नाही. कंपनीचा ग्रुप विमा असला तरी तो नोकरीपुरता, त्यावर विसंबू नका.

आता कॉलेज. 16 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी काढलं तर शिक्षण आणि वरचं एक वर्ष हप्ता नसतो, त्या काळातलं व्याज धरून ते 22 लाखांवर जातं. दहा वर्षांचा हप्ता 30 हजार. हॉस्पिटलची यंत्रं सांभाळणाऱ्या नव्या इंजिनिअरचा पगार मी 20-25 हजारच धरतो, माहितीपत्रकातला पॅकेजचा आकडा नाही. शिवाय 7.5 लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते आणि तुमचा फ्लॅट आधीच गहाण आहे.

खरं म्हणजे तुम्हाला फी भरायचीच गरज नसावी. 2024-25 पासून राज्यात 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच, की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. खासगी विद्यापीठ किंवा संस्था स्तरावरची (कॉलेज स्वतः भरतं ती) सीट घेतली की ही माफी गेली. तुम्ही 25 हजार भरून नेमकं तेच करायला निघालाय.

बायोमेडिकलच्या जागा मुळात थोड्या आहेत. कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये (पसंतीक्रमाचा फॉर्म) ते वर ठेवा, खाली इन्स्ट्रुमेंटेशन आणि ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) भरा. व्हेंटिलेटर, मॉनिटर, डायलिसिस यंत्रांच्या सर्व्हिसिंगला ही मुलंही घेतात. नाशिकमध्येच नंबर लागला तर होस्टेलही वाचेल. मुंबई-पुण्याला राहायचा खर्च वर्षाला दीड लाख धरला तर चार वर्षांचे 6 लाख. तुमची एफडी तेवढीच आहे, पण ती एकदम मोडू नका. वर्षाला लागेल तेवढंच काढता येईल अशा चार पावत्या करा.

उद्याच सेतू केंद्रात जा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर हातात नसेल तर माफी कागदावरच राहील. पॉलिसीचे दोन्ही आकडे आले की मला पाठवा, सरेंडर की पेड-अप ते तेव्हा सांगतो. टर्म प्लॅनचा फॉर्म मात्र त्यासाठी थांबवू नका.