मुलांच्या हातातला गेम कन्सोल कुठून मोडतो, ते आधी बघा

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलोय: मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. दिवाळीला बाजारातून 'चारशे गेम एकात'वाला कन्सोल आणला, तो संक्रांतीच्या आतच बंद पडला. आता थोडे जास्त पैसे घालायची तयारी आहे, पण पोरांच्या हातात टिकेल असा मजबूत कोणता?

मी ठाण्याला असतो, पोटापाण्याचा उद्योग वेगळा. पण बरीच वर्षं हौसेने हे कन्सोल उघडतोय, त्यामुळे सोसायटीतली पोरं मोडकं-तोडकं सगळं माझ्याकडेच आणून टाकतात. त्या अनुभवावरून सांगतो, पडून फुटलेला कन्सोल माझ्याकडे क्वचित येतो. येतात ते असे: बटण दबतच नाही, स्टिक (अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी) आपोआप एकीकडे सरकते, चार्जिंगची पिन खुळखुळते, बॅटरी फुगलीय, बिजागरी तडकलीय. म्हणजे जिथे काही हलतं किंवा जिथे काही खुपसावं लागतं, तिथेच घात होतो. म्हणून 'मजबूत कोणता' यापेक्षा 'कुठून मोडतो, आणि मोडलेला तुकडा तेवढाच बदलता येतो का' हे विचारा.

मजबुतीची गोष्ट निघाली की लोक आखाती युद्धातल्या गेमबॉयचा (निन्टेंडो कंपनीचा हातात धरून खेळायचा जुना कन्सोल) दाखला देतात. गोष्ट खरी आहे. १९९०-९१ च्या त्या युद्धात बॉम्बहल्ल्यात एक गेमबॉय भाजून निघाला, पुढचं प्लास्टिक वितळून काळंठिक्कर पडलं, तरी तो चालला. पुढे न्यूयॉर्कच्या निन्टेंडोच्या दुकानात काचेच्या पेटीत वर्षानुवर्षं त्यावर टेट्रिस चालू होता. ऐकायला भारी वाटतं, पण तुमच्या घरी बॉम्ब पडणार नाही, सरबत पडणार आहे.

तरीही तो टिकला कसा, हे बघण्यासारखं आहे. त्यामागच्या माणसाचं, गुन्पेई योकोईचं, एक तत्त्व होतं. जपानीत त्यासाठी जो शब्द आहे त्याचं इंग्रजीत 'वाळलेलं' असं काहीतरी रूक्ष भाषांतर करतात. मला विचाराल तर आपला 'मुरलेलं' हा शब्द तिथे चपखल बसतो. स्वस्त झालेलं, सगळे गुणदोष माहीत झालेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते वेगळ्याच कामाला लावायचं. १९८९ चा गेमबॉय म्हणजे १६० बाय १४४ ठिपक्यांचा, चार छटांचा, मागे दिवा नसलेला स्क्रीन आणि चार पेन्सिल सेल. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोन्ही रंगीत, दोन्हींच्या स्क्रीनमागे दिवा, दिसायला कितीतरी सरस. पण गेम गिअर सहा सेल तीन ते पाच तासांत पिऊन टाकायचा, आणि आज जुना गेम गिअर हाती आला की त्यातले कपॅसिटर (बोर्डावरचे वीज साठवणारे बारीक भाग) गळलेलेच असणार असं धरून चालावं लागतं. गेमबॉय चार सेलवर दहा तासांच्या वर सहज जायचा. त्यात बिघडण्यासारखं मुळात कमीच होतं.

आता सरबताचं सांगतो, कारण तुमच्याकडेही हे होणारच आहे. मामाने मस्कतहून आणलेला माझा लहानपणीचा गेमबॉय अजून आहे. गेल्या मे महिन्यात भाच्याने त्यावर अख्खा पेला कोकम सरबत ओतलं. मी पहिल्यांदा सेल काढले (हे पहिलंच करायचं, 'चालू होतोय का बघू' म्हणून बटण दाबायचं नाही). मागचे स्क्रू तीन पात्यांचे असतात, त्याला साधा स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. तो वेगळा मिळतो, महाग नसतो. उघडल्यावर आत बघितलं तर ए बटणाच्या भोवती लालसर चिकट कडं आणि खाली गेलेलं बटण वर यायलाच तयार नाही. पण त्या बटणाची रचनाच अशी की घाबरायचं कारण नव्हतं. वर प्लास्टिकचं बटण, त्याखाली मऊ रबराची चकती, चकतीच्या पोटाला कार्बनचा काळा ठिपका. दाबलं की ठिपका खालच्या बोर्डाला टेकतो आणि गेममधला माणूस उडी मारतो. बस, एवढंच. बटणं आणि रबर काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुतली, बोर्डावर कानकाडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं, काळे ठिपके मात्र घासले नाहीत, कारण ते खरवडले की बटण गेलंच समजा. रात्रभर पंख्याखाली सुकवलं. सकाळी सुरू. चाराणेही खर्च नाही.

चार दिशांचं अधिकचं चिन्ह असतं ना, तेही असंच, खाली रबर आणि चार ठिपके. तेही योकोईचंच, १९८२ च्या एका दुमडणाऱ्या गेममधलं. सहा वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याला अजून त्याहून सोयीचं काही निघालेलं नाही असं माझं मत आहे. तो जीव खाऊन दाबतो, आणि रबर ते सोसतं.

स्टिक सोसत नाही. स्टिकच्या आत कार्बनचा पातळ थर दिलेल्या पट्ट्या असतात, त्यावरून धातूचं बारीक बोट फिरत असतं. फिरून फिरून थर झिजतो, भुकटी होते, आणि स्टिक सोडली तरी यंत्राला वाटतं की कोणीतरी ती डावीकडे धरलीय. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलच्या जॉय-कॉनवरून (दोन्ही बाजूंना लावायचे सुटे कंट्रोलर) याचा एवढा गवगवा झाला की २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांना भागधारकांच्या सभेत माफी मागावी लागली. चुंबकावर चालणाऱ्या स्टिक मिळतात, त्यांना हॉल स्टिक म्हणतात. त्यात घासायला काहीच नसल्यामुळे ही कटकट नाही. पण २०२५ च्या स्विच २ मध्येही कंपनीने त्या दिलेल्या नाहीत.

आणि इथेच लोक फसतात. २०१९ चा स्विच लाइट 'मुलांसाठी' म्हणून घेतला जातो, आणि वरवर ते बरोबरही वाटतं. एकसंध अंग, २७५ ग्रॅम वजन, काही सुटं होत नाही, हातात छान बसतो. मोठा म्हणजे साधा स्विच जॉय-कॉन धरून जवळजवळ ४०० ग्रॅमचा, आणि उताणं झोपून खेळता खेळता तो नाकावर पडला की काय होतं ते आमच्या सोसायटीत तीन जणांना माहीत आहे. पडण्याच्या बाबतीत लाइट नक्कीच सरस. पण स्टिक गेली, की मोठ्या स्विचचा जॉय-कॉन सरकवून काढायचा, दुसरा लावायचा, मूल तासाभरात परत खेळायला मोकळं. लाइटमध्ये त्याच कामासाठी अख्खा कन्सोल उघडून आतला पत्रा काढावा लागतो. टिकाऊ दिसणारं अंग आणि आत झिजणारा, सहज हाती न लागणारा भाग, ही जोडी मला पटत नाही.

मोठ्या स्विचमागची ती पातळ काडीसारखी टेकणी सगळे हसण्यावारी नेतात. पण जोर पडला की ती तुटण्याऐवजी निसटून येते, पुन्हा टक्कन बसवता येते. हा शहाणपणा आहे. स्विचच्या गेमच्या कार्डाला (आमच्या तोंडी अजून 'कॅसेट'च) डेनाटोनियम बेंझोएटचा लेप असतो, इतका कडू की पोराने तोंडात घातलं तर आपणहून थुंकून टाकेल. कार्ड केवढुसं असतं ते पाहिलंत की त्याची गरज कळेल. खात्री करायला मी चाटून बघितलंय. तुम्ही नका बघू, चव तासभर जात नाही.

दुमडणाऱ्या कन्सोलबद्दल माझं मन दुहेरी आहे. झाकण मिटलं की स्क्रीन सुरक्षित, दप्तरात कंपासपेटीशेजारी टाकला तरी चरा नाही. पण बिजागरीतून एक पातळ पट्टी वरच्या स्क्रीनकडे गेलेली असते, आणि सहा वर्षांचं पोर झाकण 'किती मागे जातं' हे बघतंच. निन्टेंडोने २०१३ मध्ये टूडीएस काढला तेव्हा या प्रश्नाचं उत्तर अगदी सरळ दिलं: बिजागरीच काढून टाकली. पाटीसारखा सपाट, एका बाजूने निमुळता, दिसायला दाराखाली लावायच्या पाचरीसारखा. मिटायला झाकण नाही म्हणून झोपवायला एक सरकतं बटण दिलं. गंमत म्हणजे समोरून दोन स्क्रीन दिसतात, पण आत एकच मोठा पडदा आहे, मधला भाग प्लास्टिकने झाकलेला. त्याआधीच्या थ्रीडीएसचं थ्रीडी चित्र सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना दाखवू नका असं कंपनीच सांगायची, म्हणून थ्रीडीही काढलं. ज्या दिवशी बाजारात आला त्या दिवशी लोकांनी त्याच्या रूपाची टर उडवली. मुलांसाठी मुद्दाम घडवलेला याहून चांगला कन्सोल मी उघडलेला नाही.

पण आज तो फक्त वापरलेलाच मिळेल, आणि घेताना तीन गोष्टी न बघता घेतलात तर पस्तावाल. एक, टूडीएस प्रदेशाला बांधलेला असतो. जपानी कन्सोलवर अमेरिकन थ्रीडीएस-कॅसेट चालत नाही. आपल्याकडे माल कुठून कुठून आलेला असतो, तेव्हा कन्सोल आणि कॅसेट एकाच प्रदेशाचे आहेत ना, ते चालवून बघूनच पैसे द्या. स्विचला हे बंधन नाही. दोन, त्याचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, त्यामुळे 'नंतर डाउनलोड करू' हे विसरा. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: सोबतचा चार्जर अमेरिकन किंवा जपानी असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावू नका. त्यावरची बारीक अक्षरं वाचा. १२० किंवा १०० व्होल्ट लिहिलेलं असेल तर जळेल. यूएसबीची तयार केबल मिळते, ती मोबाइलच्या चांगल्या चार्जरला लावून वापरा. स्विचचा मूळ चार्जर मात्र १०० ते २४० व्होल्ट चालतो, फक्त पिनेला अडॅप्टर लागतो.

स्टीम डेकसारखे मोठे कन्सोल तुमच्या मुलांसाठी नाहीत. सहाशे ग्रॅमच्या वरचं वजन, विषय संपला.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? एकाच कन्सोलवर दोन भावंडं असतील तर लाइट नको, मोठा स्विच, वापरलेला चालेल. टेबलावर टेकवून एकेक जॉय-कॉन दोघांच्या हातात, भांडणं निम्मी. काचेचा स्क्रीन गार्ड पहिल्याच दिवशी लावा, कारण साध्या स्विचचा पडदा प्लास्टिकचा आहे, त्यावर नखाचेही चरे उठतात. पिशवी कडक कवचाची आणि आत स्टिकसाठी खळगा असलेली घ्या, मऊ पिशवीत स्टिक दिवसभर दाबून राहतात. बजेट तेवढं नसेल तर धाकट्याला टूडीएस आणि मोठीला थोडं थांबायला सांगा. (थांबणार नाही, माहीत आहे.)

नियम फारसे घालू नका, पण चार्जिंगला लावून खेळायचं नाही हा एक पाळा. वायर ओढली जाते आणि पिन बोर्डावरून उखडते, ते काम घरी होत नाही. फरसाण खाल्लेल्या हाताने खेळू नका हे मी सांगतो, कोणी ऐकत नाही. परीक्षेत कन्सोल कपाटात जातो तेव्हा बॅटरी साधारण निम्मी ठेवून आत टाका, आणि परीक्षा लांबली तर मध्ये एकदा चार्ज करा. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली की ती परत उठत नाही. सेलवर चालणारं काही असेल तर पावसाळ्याआधी सेल काढून ठेवा. आपल्या दमट हवेत गळलेल्या सेलचा तो पांढरा-हिरवा खर मी कित्येक स्प्रिंगांवरून व्हिनेगरने पुसलाय. आणि बटणसेलवरची खेळणी घेतलीत तर सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे ना ते बघाच. तो सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. अशा वेळी वाट बघायची नाही, तडक दवाखाना.

आता तो दिवाळीचा बंद पडलेला. फेकू नका. मागचं झाकण नखाने उघडा. बहुतेकांत आत जुन्या नोकियाच्या फोनमधली असते त्या मापाची, बीएल-५सी म्हणतात ती बॅटरी असते. टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी फिरली तर पोट फुगलंय, ती बाजूला ठेवा, टोचू-दाबू नका, ई-कचऱ्यात द्या. नवी बॅटरी पुण्यात असाल तर बुधवार पेठेत मिळेल. बॅटरी सपाट असेल तर चार्जिंगची वायर लावून हळूच वर-खाली हलवा आणि दिवा लुकलुकतो का बघा. लुकलुकला तर पिनचा टाका सुटलाय, कोणताही मोबाइल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत लावून देईल. यातलं काय निघालं ते इथेच लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.